सरकारी दवाखान्यात ऑपरेशन केलं तर धोका जास्त असतो का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना हर्निया आहे, सोलापुरातच सरकारीत करू का कर्ज काढून प्रायव्हेटला नेऊ, कारण गल्लीत सगळे म्हणतात सरकारीत गेलेला माणूस परत येत नाही. मी इथंच बारा वर्षं सर्जरी वॉर्डात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे (कुठल्या दवाखान्यात ते विचारू नका), त्यामुळं डोळ्यानं बघितलेलं सांगतो.

लोक घाबरतात ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला. पण ओटीत एका पेशंटमागं चार-पाच जण असतात, भूलवाले डॉक्टर उशाशी, मॉनिटर चालू, तिथं काही झालं तर लगेच कळतं. गडबड होते नंतर, वॉर्डात, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री.

पूर्व भागातला यंत्रमागावरचा एक जण आला होता, जठराला भोक पडलेलं, रात्रीच पोट उघडून शिवलं, ऑपरेशन एकदम व्यवस्थित. तिसऱ्या रात्री ड्युटीला मी एकटा, पन्नासच्या वर पेशंट, एक मामा (वॉर्डबॉय) तो पण रक्ताची पिशवी आणायला गेलेला. आता लपवत नाही, तेव्हा मी चार्टवर सगळ्यांचाच श्वास मिनिटाला 18 लिहायचो, न मोजता, त्याचाही 18च लिहिला होता. दोनच्या सुमाराला त्याची आई आली, बिडी वळणारी बाई, म्हणाली "ब्रदर, ह्यो लई जोरात श्वास घ्यालाय, येऊन बघा की." मी म्हटलं दुखत असेल, येतो. ती हलेना. जाऊन बघतो तर बाई परत पोराच्या छातीकडं बघून मोजायला लागलेली, बिड्यांचं बंडल बांधायची सवय, पंचवीस झाले की परत एकपासून. मी घड्याळ लावून मोजलं, 36. नाडी 130 आणि लघवीच्या पिशवीत संध्याकाळपासून जेमतेम दोन चमचे. डॉक्टरांना उठवलं, पहाटे परत ओटीत, टाका लीक झालेला. वाचला, महिनाभर पडून होता पण वाचला. त्या दिवसापासून मी श्वास मोजूनच लिहितो, बाकीच्यांचं मला माहीत आहे पण बोलत नाही.

हे आपल्याकडंच असं नाही. आफ्रिकेतल्या 25 देशांत 11 हजारांवर पेशंटचा अभ्यास झाला, 2018 ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आला. पेशंट वयानं तरुण, आधीचे आजार कमी, तरी मृत्यूचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुप्पट, आणि जवळपास सगळे मृत्यू ऑपरेशनच्या दिवसानंतरचे. म्हणजे बिघडलेलं बऱ्याचदा वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नसावं.

म्हणून सरकारी का प्रायव्हेट यापेक्षा रात्री वॉर्डात कोण असतं ते आधी विचारा. छोट्या प्रायव्हेटमध्ये पण बऱ्याचदा सर्जन घरी झोपलेले आणि खाली एक आरएमओ (रात्रपाळीचा निवासी डॉक्टर) असतो, त्याचं बिल मात्र तुम्ही भरता.

तुमच्या वडिलांचं हर्नियाचं आहे, ठरवून करायचं आहे, हे त्यातल्या त्यात सोपं काम. घाबरून पुढं ढकलू नका, आतडं अडकलं की तेच ऑपरेशन रात्री तीनला धावतपळत करावं लागतं आणि खरा धोका तिथं आहे. हर्नियाच्या जागी आत जाळी बसवतात, सरकारीतली ती जाळी हलक्या दर्जाची असते म्हणतात त्याच्याकडं पण लक्ष देऊ नका. आपल्या दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीची जाळी निर्जंतुक करून हर्नियाला वापरली होती, पैशात तर काहीच नाही. पुढं युगांडात तसल्याच जाळीची महागड्या जाळीशी तुलना केली, 2016 ला निकाल आला, वर्षभरानं दोन्ही सारख्याच. (म्हणून घरची मच्छरदाणी घेऊन येऊ नका, एकानं खरंच विचारलं होतं.)

खर्चाचं म्हणाल तर कर्ज काढायच्या आधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेची माहिती देणारा माणूस) भेटा, महात्मा फुले योजनेत कुठं बसतं ते तो सांगेल.

रात्री थांबायला झोपाळू माणूस ठेवू नका. तासातासाला श्वास मोजायचा, पूर्ण एक मिनिट, 25 च्या वर गेला, पोट फुगलं, लघवी कमी झाली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सिस्टरला उठवायचं, ती चिडली तरी. आणि वडील बिडी ओढत असतील तर आजच बंद करा, ऑपरेशनच्या चार आठवडे तरी आधी, नाहीतर खोकून खोकून सगळा ताण टाक्यांवर येतो.