एका दाराचे स्थानक : ब्यूली

प्रश्न : मुलगी आणि जावई स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला राहतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो असताना आम्ही जवळच्या ब्यूली गावी रेल्वेने जाऊन आलो. गाव येण्याआधी गार्डने आम्हाला एका ठरावीक दाराशी नेऊन उभे केले आणि गाडी थांबल्यावर तेवढे एकच दार उघडले. फलाट पाहून तर हसूच आले. आमच्या वाड्यातली ओसरी त्याहून फार लहान नसेल. गाडी अवघी दोन डब्यांची, तिलाही पुरू नये असा फलाट बांधण्यामागे काय विचार असावा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण पाहिलेल्या फलाटाची लांबी १५.०६ मीटर आहे. १५ एप्रिल २००२ रोजी हे स्थानक पुन्हा सुरू झाले, तेव्हा ब्रिटनमधील सर्वांत आखूड फलाट म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता. त्या मार्गावर बहुतेक वेळा धावणाऱ्या डिझेल गाडीचा एकेक डबा सुमारे २३ मीटरचा असून त्याची दारे दोन टोकांना असतात. म्हणजे एकाच डब्याची दोन्ही दारेसुद्धा या फलाटावर एका वेळी येऊ शकत नाहीत. मग दुसऱ्या डब्याची गोष्टच नको. म्हणून गार्ड फलाटासमोरचे तेवढे दार उघडतो.

यामागचा विचार सरळ हिशेबाचा आहे. जेमतेम हजार-दीड हजार वस्तीच्या गावात एका गाडीतून चढणारे-उतरणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि तेवढ्यांसाठी पूर्ण लांबीचा फलाट म्हणजे भराव, कठडे, दिवे, निचरा या सगळ्याचा खर्च तितक्याच पटीने वाढलेला. जे काम बांधकामाने करायचे, ते येथे गाडी चालवण्याच्या पद्धतीवर सोपवले आहे. मात्र ही युक्ती जुन्या काळी चालली नसती. पूर्वीच्या डब्यांची दारे प्रवासी स्वतः मूठ फिरवून उघडत आणि तशा गाडीतून अंधारात कोणीही फलाट समजून खाली पाऊल टाकले असते. दारांचा ताबा गार्डकडे आला, तेव्हाच आखूड फलाट सुरक्षित ठरला. आपल्याकडे एखाद्या हॉल्टवर मागच्या डब्यातली मंडळी सामानासकट खडीवर उतरतात, ते आठवले की गार्डने हाताला धरून दाराशी नेण्याचे महत्त्व पटते. (आपल्या रेल्वेने २०२२ पासून गार्डचे नाव ‘ट्रेन मॅनेजर’ केले आहे; ते पद खरे शोभते ते ब्यूलीत.)

प्रश्न : मुळात हे स्थानक बंद का पडले होते? जावई म्हणतात की बीचिंग नावाच्या अधिकाऱ्याने ते बंद केले.

उत्तर : जावईबापूंचा समज तिकडेही सर्रास आढळतो, पण तारखा जुळत नाहीत. तोट्यातले मार्ग आणि स्थानके बंद करण्याचा सल्ला देणारा रिचर्ड बीचिंग यांचा गाजलेला अहवाल १९६३ सालचा, तर ब्यूली स्थानक १३ जून १९६० रोजीच बंद झाले होते. त्याच दिवशी कॉनन आणि आसपासची आणखी काही लहान स्थानकेही बंद झाली. जवळच्या गावांतले प्रवासी तोवर बसकडे वळले होते आणि थेट उत्तर टोकापर्यंत जाणाऱ्या गाड्यांचा वेळ जागोजागी थांबून वाया जातो, असा रेल्वेचा हिशेब होता. बीचिंग यांनी तर पुढे इन्व्हर्नेसच्या उत्तरेचा संपूर्ण मार्गच बंद करण्याची शिफारस केली होती. तीव्र विरोधामुळे १९६४ साली तो वाचला. तो गेला असता, तर ब्यूली पुन्हा उघडण्याचा प्रश्नच उरला नसता.

मार्गाचा जन्म जून १८६२ मधला. इन्व्हर्नेस ते डिंगवॉल हा टप्पा तेव्हा सुरू झाला आणि ब्यूली त्यावरचे एक मूळ स्थानक होते. बंद पडलेली स्थानके परत उघडण्याची सुरुवात मात्र ब्यूलीपासून झालेली नाही. क्रोमर्टी खाडीच्या परिसरात अॅल्युमिनियमचा कारखाना आणि तेलउद्योग आल्यावर कामगारवस्ती वाढली आणि १९७३ साली अॅलनेस, १९७६ साली म्यूर ऑफ ऑर्ड ही स्थानके पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये पुराने इन्व्हर्नेसचा नेस नदीवरील रेल्वे पूल वाहून गेला आणि उत्तरेकडचे सगळे रूळ उर्वरित देशापासून तुटले. नवा पूल होईपर्यंत अडकलेल्या गाड्यांची देखभाल म्यूर ऑफ ऑर्डला तात्पुरती सोय करून चालली. एवढ्या खर्चात पडून हा मार्ग राखला गेला, हे पुढच्या स्थानकांच्या दृष्टीने फार मोलाचे ठरले. ब्यूलीचा प्रयोग जमल्यावर ८ फेब्रुवारी २०१३ रोजी कॉनन ब्रिज (पूर्वीचे कॉनन) स्थानकही तशाच आखूड फलाटासह उघडले. इन्व्हर्नेसजवळच्या केसॉक या रस्त्याच्या पुलाच्या दुरुस्तीमुळे रस्त्यावर होणारी कोंडी हे त्याचे निमित्त होते.

प्रश्न : पुन्हा जाण्याचा बेत आहे. गाड्या किती असतात आणि तिकीट कोठे काढावे?

उत्तर : इन्व्हर्नेसहून ब्यूली सुमारे १६ किलोमीटर, गाडीने पाव तास. विक आणि काइल ऑफ लॉखाल्श या दोन शेवटच्या स्थानकांच्या दिशेच्या, दिवसाला साधारण चार-चार गाड्या येथून जातात आणि त्यांखेरीज जवळच्या अंतरावरच्या काही गाड्या सकाळ-संध्याकाळ नोकरदारांच्या वेळेला धावतात. रविवारी मात्र संख्या बरीच घटते, तेव्हा परतीची गाडी आधी पाहून ठेवावी. स्थानकात कर्मचारी किंवा तिकीट खिडकी नाही. तिकीट मोबाइलवर काढता येते किंवा गाडीत गार्डकडून घेता येते. या वेळी हाताशी वेळ असल्यास तेराव्या शतकातल्या मठाचे अवशेष अवश्य पाहा. गावाच्या गेलिक नावाचा अर्थच ‘मठ’ असा आहे, तर ब्यूली हे नाव ‘सुंदर जागा’ या फ्रेंच शब्दांवरून आलेले आहे. आणि परतताना गार्डशी चार शब्द बोलायला बिचकू नका. त्या दाराची किल्ली त्याच्याकडेच असते.