प्रकाशावर चालणारे उत्प्रेरक पाण्यातली अँटिबायोटिक्स खरंच नष्ट करतात का?

करतात, पण ‘मोडलं’ आणि ‘संपलं’ यात फरक आहे.

यातला सगळ्यात जुना गडी म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, तोच जो पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतो. त्याच्यावर अतिनील प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो आणि मागे धन प्रभाराची रिकामी जागा राहते. ती पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते नि हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे पाण्याच्या रेणूचा एक अतिक्रियाशील तुकडा, तयार होतो. हा इतका आक्रमक, की समोर कुठलं अँटिबायोटिक आहे, टेट्रासायक्लिन की सिप्रोफ्लॉक्सासिन, हे बघतच नाही. अडचणही तीच: पाण्यातल्या इतर सेंद्रिय घाणीवरही तो तितकाच खर्च होतो. म्हणून शुद्ध पाण्यात झकास चालणारी ही उत्प्रेरक भुकटी सांडपाण्यात ढेपाळते.

त्यात तिला साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो, जो उन्हात जेमतेम ४-५ टक्के. म्हणून दृश्य प्रकाशावर, साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंत, चालणारं ग्राफिटिक कार्बन नायट्राइड (कार्बन आणि नायट्रोजनचं संयुग) पुढे आलं.

निकालात ‘९५ टक्के काढलं’ असं दिसलं तर लगेच भाळू नका. मूळ रेणू मोडला तरी तुकडे उरतात, आणि काहींत जीवाणू मारायची ताकद शिल्लक असू शकते. तुकडेही संपले का हे कळायला पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला ते बघा. शिवाय प्रकाश न देता, अंधारातली चाचणी केली होती का तेही. बऱ्याचदा औषध नुसतं भुकटीला चिकटून बसलेलं असतं.