सगळेच ‘अलिप्ततावादी’ कसे?

शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: ‘एका मराठी लेखात अमेरिकेचे माजी लोकप्रतिनिधी रॉन पॉल यांना अलिप्ततावादी म्हटले आहे. त्याच लेखात पुढे नेहरूंचे धोरणही अलिप्ततावादीच. हे दोघे एका पंगतीत कसे? शिवाय पॉल सर्व देशांशी खुला व्यापार हवा म्हणतात. मग ते अलिप्त कसे? त्यांच्या मताला मराठीत नेमके काय म्हणावे?’

थोडक्यात उत्तर असे की पॉल यांना अलिप्ततावादी म्हणू नये, हस्तक्षेपविरोधी म्हणावे. पण थोडक्यात उत्तर देऊन भागणार नाही. एकाच शब्दाखाली आपण तीन-चार वेगळी धोरणे कोंबत आलो आहोत आणि त्यामुळे वाचणाऱ्याची खरोखर दिशाभूल होते.

आधी ‘अलिप्त’ हा शब्द पाहू. लिप् म्हणजे माखणे. लेप, लिंपणे, लिप्त ही सगळी त्याच घरची मंडळी. अलिप्त म्हणजे न माखलेला. गीतेच्या पाचव्या अध्यायात पाण्यातल्या कमळाच्या पानाचा दृष्टान्त आहे, तिथे हाच लिप् धातू आहे. ते पान पाण्यातच असते, पाण्याबाहेर काढून ठेवलेले नसते. म्हणजे मुळात अलिप्त होण्यासाठी त्या व्यवहारात असावे लागते. पुढे बोलण्यात त्याला ‘पासून’ जोडले गेले. ‘तो राजकारणापासून अलिप्त आहे’ म्हणजे तो तिकडे फिरकत नाही. आज आपल्या कानाला हा दुसरा अर्थ जवळचा वाटतो. सगळा घोटाळा या ‘पासून’मुळे झालेला आहे.

नेहरूंच्या धोरणाला मराठीने अलिप्ततावाद म्हटले तेव्हा पहिला अर्थ मनात होता. हिंदीने ‘गुटनिरपेक्षता’ घेतले. ते अधिक काटेकोर आहे हे मान्य करायला हवे, कारण गट कुठला आणि निरपेक्षता कशाची हे त्यात उघड दिसते. मराठीतही गटनिरपेक्ष हा शब्द आहे, पण तो रुळला नाही. 1961 साली बेलग्रेडला 25 देश जमले ते जगापासून दूर राहण्यासाठी नव्हे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही लष्करी गटांत न शिरता जगाच्या प्रत्येक प्रश्नावर बोलण्यासाठी ते जमले होते.

हे पटवायला कोल्हापूरकराला लांब जावे लागत नाही. 27 जुलै 1953 रोजी कोरियात युद्धतहकुबी झाली. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करायचे, हा प्रश्न राहिला होता. असे 22 हजारांहून अधिक कैदी भारतीय फौजेच्या ताब्यात देण्यात आले आणि त्या फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरचे. हजारो मैलांवरच्या युद्धात, दोन्ही बाजूंचा संशय अंगावर घेऊन, आपली फौज ते कैदी सांभाळत होती. याला अलिप्तता म्हणतात. घरी बसण्याशी हिचा काडीचाही संबंध नाही. थोरातांचे नाव कोल्हापुरात अभिमानाने घेतले जाते, पण त्यांच्या त्या कामगिरीतून अलिप्ततेचा अर्थ किती स्पष्ट होतो ते वर्गात सांगितले जात नाही, याची मला खंत आहे.

त्याच प्रसंगात आणखी एक शब्द सापडतो. भारताचे जनरल थिमय्या ज्याचे अध्यक्ष होते त्या युद्धकैद्यांविषयीच्या आयोगाच्या नावात ‘तटस्थ राष्ट्रे’ असे शब्द होते. सदस्य होते स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया तर उघडच सोव्हिएत गटातले. मग ते तटस्थ कसे? कारण त्या करारापुरती तटस्थ राष्ट्राची व्याख्या एवढीच होती की ज्यांच्या फौजा या लढाईत उतरल्या नाहीत ते. तट म्हणजे काठ आणि तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. जुन्या मराठीत तर तटस्थ होणे म्हणजे थक्क होऊन जागच्या जागी थांबणे. तटस्थता ही एका विशिष्ट लढाईपुरती असते किंवा स्वित्झर्लंडसारखी 1815 पासून करारांनी बांधलेली असते. ती कायद्याची स्थिती आहे, मत नव्हे. नेहरूंना ती आपल्याला लावलेली आवडत नसे. 13 ऑक्टोबर 1949 रोजी अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बजावले होते की स्वातंत्र्य धोक्यात येईल, न्यायावर घाला येईल किंवा आक्रमण होईल तिथे भारत तटस्थ राहू शकत नाही आणि राहणार नाही. ज्या सभागृहाचे पॉल पुढे सदस्य झाले त्याच सभागृहापुढे अलिप्तता आणि तटस्थता यांतला फरक असा सांगून झाला होता.

आता पॉल यांच्याकडे वळू. टेक्ससमधून ते अनेकदा प्रतिनिधिगृहात निवडून आले आणि 2013 साली निवृत्त झाले. (मराठी बातम्यांत अशा व्यक्तीला ‘काँग्रेस सदस्य’ लिहितात. निदान कोल्हापुरात तरी तसे लिहू नये. इथे त्या दोन शब्दांचा अर्थ वेगळा आणि पक्का आहे. ‘अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य’ लिहिले की प्रश्न मिटतो.) ऑक्टोबर 2002 मध्ये इराकवर लष्करी बळ वापरण्याची परवानगी देणारा ठराव प्रतिनिधिगृहात 296 विरुद्ध 133 मतांनी मंजूर झाला. विरोधात मत देणारे रिपब्लिकन फक्त सहा होते आणि पॉल त्यांतले एक. क्यूबावरची व्यापारबंदी उठवावी, निर्बंध हे युद्धाचेच एक रूप आहे, नाटोतून आणि संयुक्त राष्ट्रांतून बाहेर पडावे, ही त्यांची मते. आधार म्हणून ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या 1801 च्या भाषणाकडे बोट दाखवत. सर्व राष्ट्रांशी शांतता, व्यापार आणि प्रामाणिक मैत्री असावी, पण पायात पाय अडकवणारी युती कुणाशीच नको, असा त्याचा आशय आहे.

यातला ‘युती नको’ एवढा भाग अलिप्ततावादाशी जुळतो. लेखकाची गफलत तिथेच झाली असावी. पण नेहरूंची अलिप्तता संयुक्त राष्ट्रांत जाऊन, मध्यस्थी करून, शांतिसेना पाठवून चालत होती. पॉल यांना त्यातले काहीही नको. त्यांचा मुद्दा दुसऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ न करण्याचा आहे आणि त्यासाठी आपल्याकडे स्वच्छ शब्द आहे: हस्तक्षेपविरोध. तो काही उपरा नाही. 1954 च्या भारत-चीन पंचशीलात ‘एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे’ हे तिसरे तत्त्व आहे. ज्या करारात ते आले तो तिबेटशी व्यापार आणि येजा यांबद्दलचा होता, हे बरेचदा विसरले जाते.

पॉल यांना विरोधक ‘आयसोलेशनिस्ट’ म्हणत आणि ते स्वतः ही ओळख ठामपणे नाकारत. त्या शब्दाला मराठी काय? दोन महायुद्धांमधल्या अमेरिकेबद्दल लिहिताना आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘अलिप्ततेचे धोरण’ असे लिहिलेले आढळते. म्हणजे ‘पासून’वाला अर्थ. पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघात जायचे नाही, 1930 साली आयात मालावरची जकात भरमसाट वाढवायची, 1935 पासून युद्धात न गुंतण्याचे कायदे करायचे, ही वृत्ती. तिला मी विलगतावाद म्हणेन. 2020 नंतर ‘विलगीकरण’ म्हणजे काय हे घरोघरी कळते, त्यामुळे शब्द समजावून सांगावा लागत नाही. दारे बंद करून बसणे हा अर्थ त्यात नेमका उतरतो. पॉल दारे उघडी ठेवा म्हणतात, म्हणून ते विलगतावादीही नव्हेत.

युद्धविरोधी म्हणावे का? जपून. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सदस्य जेनेट रँकिन यांनी 8 डिसेंबर 1941 रोजी, पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी, युद्ध पुकारण्याविरुद्ध एकटीने मत दिले: 388 विरुद्ध 1. त्या 1917 मध्येही विरोधात होत्या आणि पुढे गांधीविचार समजून घ्यायला वारंवार भारतात आल्या. कोणतेच युद्ध नको ही त्यांची निष्ठा होती. त्यांना शांततावादी म्हणणे योग्य. पॉल यांचे म्हणणे, युद्ध करायचे तर राज्यघटनेप्रमाणे संसदेने ते रीतसर पुकारावे. अमेरिकेने असे रीतसर युद्ध शेवटचे पुकारले ते जून 1942 मध्ये. त्यानंतर कारभार ‘बळ वापरण्याच्या परवानगी’वर किंवा तिच्याशिवायच चालला आहे. म्हणून मराठी बातमीत ‘अमेरिकेने युद्ध पुकारले’ असे वाचले की मी थांबतो. युद्ध सुरू करणे आणि युद्ध पुकारणे यांत तिथे घटनेएवढे अंतर आहे.

तुमचा व्यापाराबद्दलचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला. व्यापार करून राजकारणातून बाहेर राहता येते, हे पॉल यांचे गृहीत आहे. कोल्हापूरच्या परंपरेने ते इतक्या सहजी मानलेले नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ हा राज्यनीतीचा ग्रंथ करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, दुसऱ्या संभाजीराजांच्या कारकिर्दीतला. त्यात सावकारांना, म्हणजे व्यापाऱ्यांना, राज्याची शोभा म्हटले आहे. परमुलखातून त्यांना आणून वसवावे असा आग्रह आहे. पण टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, सूर बदलतो: हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत, यांना समुद्रकिनाऱ्यावर वखारीला जागा देऊ नये. तीनशे वर्षांपूर्वीचा हा विचार वाचताना मला दर वेळी अमात्यांबद्दल आदर वाटतो. व्यापार हवा आणि सावधपणाही हवा, हे त्यांनी एका दमात सांगितले आहे. पुढे 1812 च्या तहात कोल्हापूरने मालवण इंग्रजांना दिले आणि इतर राज्यांशी स्वतःहून लढाई न करण्याचे, वाद इंग्रजांच्या निवाड्याला सोपवण्याचे कबूल केले. अशा अटीने भांडणांपासून दूर राहणे याला अलिप्तता म्हणता येत नाही. निवड हातात असावी लागते.

व्यापाराच्याच बाबतीत आणखी एका शब्दापासून सावध राहा: ‘संरक्षणवादी’. परदेशी मालावर जकात लावून देशी धंद्याला आडोसा देणारा, हा त्याचा अर्थ. पण युद्ध आणि लष्कराच्या लेखात तो आला की वाचणारा सैन्याच्या संरक्षणाचा अर्थ घेतो. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले. तेव्हा कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांच्या तोंडी ‘टॅरिफ’ होते आणि वर्तमानपत्रांत ‘अमेरिकेचा संरक्षणवाद’. ‘संरक्षक जकात’ हा जुना मराठी शब्दप्रयोग मला अजूनही जास्त स्पष्ट वाटतो. रानड्यांच्या पिढीचा वाद त्यावरच होता. आज जकात म्हटले की शहराच्या हद्दीवरचे नाके आठवतात, ही अडचण आहे खरी. तिथे ‘संरक्षक आयातशुल्क’ लिहावे.

तेव्हा तुम्ही वाचलेल्या लेखातले वाक्य असे करता येईल: ‘पॉल हे हस्तक्षेपविरोधी आणि खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते, नेहरूंचे धोरण अलिप्ततावादी.’ परीक्षेत दोघांची तुलना करायची वेळ आली, तर साम्य म्हणून लष्करी युतीला नकार लिहा, फरक म्हणून संयुक्त राष्ट्रांकडे पाहण्याची दृष्टी लिहा आणि उदाहरण म्हणून कोरियातल्या थोरातांच्या फौजेचा उल्लेख करा.