रेट पाडायच्या आधी

भोसरी, गुरुवार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या शेडवाल्यानं नगाला ४२ रुपयांचा रेट ४० केला, आता मी ३८ करू का, हे तू फोनवर विचारलंस तेव्हा मागे मशिनचा आवाज होता आणि मला नीट बोलता आलं नाही. आज सुट्टी आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी कागद घे. तुझा खर्च नगाला ३४ रुपये, काम १०,००० नगांचं. दोघंही ४२ वर असाल आणि काम निम्मं-निम्मं वाटलं गेलं, तर प्रत्येकाला ४०,००० सुटतात. एकट्यानं ४० केला आणि सगळं काम ओढलं, तर त्याला ६०,००० आणि दुसऱ्याला शून्य. शून्याच्या भीतीनं दुसराही उतरतो. असं करत दोघं ३६ ला येऊन टेकलात की प्रत्येकाच्या हातात राहतात १०,०००. यात वेडा कुणीच नाही, ज्यानं त्यानं आपापल्या फायद्याचंच पाहिलं. १९५० साली अमेरिकेत रँड संस्थेतल्या मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी हाच पेच मांडला, पुढे अल्बर्ट टकर यांनी त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली: वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेले दोघं, दुसरा बोलेल या भीतीनं दोघंही कबुली देऊन बसतात. तेव्हापासून तो कैद्यांचा पेच म्हणून ओळखला जातो.

पण ते कैदी एकदाच फसतात. तुला शेजारी रोज दिसतो. त्याची आणि तुझी गाठ याच गल्लीत पुढची वीस वर्षं पडणार आहे, आणि एवढ्यानंच सगळा हिशेब बदलतो.

रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन प्राध्यापकानं १९८० च्या सुमारास हा पेच पुन्हा पुन्हा खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामची स्पर्धा घेतली. पहिल्या फेरीला १४ प्रोग्राम आले, दुसरीला ६२. दोन्ही वेळा जिंकला तो अनातोल रापोपोर्ट यांनी पाठवलेला एक अगदी छोटा प्रोग्राम, त्याची चाल म्हणजे आपलं जशास तसे. आपण जशास तसे म्हणतो ते दात-ओठ खाऊन. या प्रोग्रामची पहिली खेळी मात्र नेहमी सहकार्याची. समोरच्यानं दगा दिला तर पुढच्याच डावात परतफेड, आणि तो सुधारला की लगेच मागचं विसरायचं. तो डूख धरत नाही.

त्यातही एक खोट आहे, ती मी स्वतःच्या खिशातून शिकलो. धंद्यात उतरून चारेक वर्षं झाली होती. एका मोठ्या कंपनीचा पर्चेसवाला मला सांगायचा, "शेजारी दोन रुपयांनी खाली आलाय." मी उतरायचो. मग म्हणे, तो आणखी खाली आला. पुन्हा उतरायचो. दीड वर्ष त्या शेजाऱ्याशी मी बोललो नाही, समोर आला तर मान फिरवायचो. एका दुपारी त्याचा कॉम्प्रेसर बसला. हवेच्या दाबाशिवाय व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची मशिन) टूल सोडत नाही, मशिन जागच्या जागी उभी. तो भिंतीपाशी आला, काही बोलेना, नुसता माझ्या कॉम्प्रेसरकडे बघत राहिला. मी भिंतीवरून नळी टाकली. दोन दिवस त्याच्या मशिन माझ्या हवेवर चालल्या. तिसऱ्या दिवशी नळी गुंडाळून परत देताना तो म्हणाला, "त्या कामाला मी पहिल्या कोटेशननंतर रेट बदललाच नव्हता." मी दीड वर्ष ज्याला जशास तसे देत होतो, त्यानं काही केलंच नव्हतं.

म्हणून विचारतो, शेजारी ४० ला आला हे तुला कुणी सांगितलं? कागद पाहिलास का?

आणि ते शून्य एकदा तपास. ज्यांची असेंब्ली लाइन आहे, ते सहसा सगळं काम एकाच व्हेंडरकडे देत नाहीत, कारण तो बंद पडला तर यांची लाइन थांबते. चाकणच्या तुझ्या गिऱ्हाईकाला सरळ विचार, काम कसं वाटणार आहात. ६०-४० म्हणाले तर तुझ्या वाट्याला ४,००० नग येतात, म्हणजे ४२ नं ३२,००० रुपये. ३८ करून निम्मं काम मिळालं तर २०,०००. भीतीपोटी तू मनात चुकीचा तक्ता मांडला होतास.

एक गोष्ट मात्र कधीही करू नकोस. चहाच्या टपरीवर शेजाऱ्याशी बसून "दोघंही ४२ च्या खाली जायचं नाही" असं ठरवू नकोस. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे ते संगनमत ठरतं, तोंडी बोललं तरी. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी ती गिऱ्हाइकाशी लबाडीच आहे. तुझा रेट तू एकट्यानं, तुझ्या खर्चावरून काढ. ३६ च्या खाली जायचं नाही असं वाटत असेल तर ते तुझ्याच वहीत राहू दे.

रेट सोडून बाकी पुष्कळ गोष्टी वाटून घेता येतात. हीट ट्रीटमेंटला दोघांचा माल एकाच टेम्पोत जाऊ शकतो. त्याच्याकडे थ्रेड गेज आहे, तुझ्याकडे हाइट गेज. एखादी ऑर्डर एकट्याला झेपणारी नसेल तर जादाचं काम त्याला जॉबवर्कला दे, रीतसर चलन करून. असं दोन-चारदा झालं की पर्चेसवाल्याचं खोटं फार दिवस टिकत नाही.

उद्या शेड उघडलीस की आधी त्याच्याकडे जा. रेटचं अक्षरही काढू नकोस. टेम्पोचं विचार. परवा कोटेशनचा कागद घेऊन माझ्याकडे ये, तुझ्या ३४ मध्ये मशिनचा हप्ता धरलायस की नाही याची मला शंका आहे.

तुझा,
काका