छोट्या मोटार कंपनीतली नोकरी स्वीकारावी का?

स.न.वि.वि.

आपला मुलगा नाशिकमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला सातपूरच्या एका मोठ्या कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून आणि पुण्यात विजेवरची मोटार बनवू पाहणाऱ्या नव्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर म्हणून, अशा दोन संधी आल्या आहेत. त्याची ओढ पुण्याकडे आहे आणि प्रस्थापितांपुढे ही कंपनी टिकेल का, असे आपण विचारता.

स्वतंत्र मोटार उत्पादक सहसा कल्पनेत कमी पडत नाहीत. अमेरिकेत प्रेस्टन टकर यांच्या १९४८ च्या गाडीचा मधला दिवा स्टिअरिंगबरोबर वळत असे, तरी अशा जेमतेम ५१ गाड्या तयार झाल्या. भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी गाडी हाती येण्याआधीच तिच्या ॲक्सेसरीज ग्राहकांना विकल्या, पुढे फसवणुकीचा खटला झाला, आणि १९५० मध्ये ते निर्दोष सुटले तोवर कारखाना बंद पडला होता. आपल्याकडे बंगळुरूच्या रेवाने २००१ मध्ये विजेवरची मोटार बाजारात आणली, ती लंडनमध्येही धावली. तरी २०१० मध्ये कंपनीची बहुतांश मालकी महिंद्राकडे गेली.

खरी कोंडी कारखान्यात होते. दरवाज्याचा एक पत्रा दाबण्यासाठी लागणाऱ्या डायचा (साच्याचा) खर्च मोठी कंपनी लाखो गाड्यांवर वाटते, तर छोट्या कंपनीला तो काहीशे गाड्यांतून वसूल करावा लागतो; आणि पुरवठादारही साहजिकच मोठ्या ऑर्डरचे काम आधी मशीनवर चढवतो. सर्व्हिस सेंटरचे जाळे विणण्याचा खर्च वेगळाच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मुलाने पहिली दोन वर्षे सातपूरला काढावीत, आणि शक्य झाल्यास व्हेंडर डेव्हलपमेंट किंवा क्वालिटी विभाग मागून घ्यावा. पुरवठादाराचा पहिला नमुना का नाकारला जातो आणि दुरुस्त होऊन पीपीएपी, म्हणजे सुट्या भागाला उत्पादनासाठी मिळणारी औपचारिक मान्यता, मंजूर होईपर्यंत काय काय करावे लागते, हे ज्याने पाहिले आहे असा माणूस छोट्या कंपनीला नुसते कॅड (संगणकावरचे डिझाइन) येणाऱ्यापेक्षा फार मोलाचा वाटतो. त्याची ओढ मोडू नका. ती पुढे कामी येईल.

मात्र एक अपवाद आहे. पुण्याच्या कंपनीला एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून टाइप अप्रूव्हल (गाडीचे मॉडेल नियमांत बसते अशी मान्यता) मिळाले असेल, डाय तयार असतील आणि किमान दीड वर्षाचा पैसा हाती असेल, तर त्याने तिकडेच जावे. कंपनी उद्या बंद पडली तरी अख्खी गाडी उभी राहताना पाहिल्याचा अनुभव त्याच्यापाशी राहील. ऑफर स्वीकारण्याआधी या तिन्ही गोष्टी त्याने ईमेलवर विचाराव्यात आणि उत्तर लेखीच मागावे.