परदेशात सुट्टीसाठी घर घेतोय. तिथं कुणी पडलं तर जबाबदारी आमची का, आणि कोल्हापूरच्या घराची पॉलिसी त्याला चालते का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी-जावई लीड्सला आहेत, तुम्ही दोघं वेल्समध्ये समुद्राजवळ लहानसं घर स्वतःच्या नावावर घेताय. वर्षातले दीड-दोन महिने राहणार, बाकीच्या दिवसांत ओळखीचे लोक, जमलं तर भाड्यानंही. तिथं कुणाला लागलं-बिगलं तर आपल्या अंगावर येतं का, आणि इथल्या घराची पॉलिसी त्याला चालेल का, असं विचारताय. अंगावर येतं. आणि इथली पॉलिसी चालत नाही.

मी कोल्हापुरात जनरल इन्शुरन्समध्ये चोवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्लेमच्या टेबलावर. शिवाय उत्तर वेल्समध्ये माझं आणि थोरल्या बहिणीचं निम्म्या-निम्म्या भागीदारीत एक घर आहे. ती चेस्टरला असते. त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे.

आपल्याकडे २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर घराचा विमा म्हणजे पाणी शिरलं तर पैसे, एवढंच डोक्यात बसलंय. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना जी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी द्यावी लागते, ती भारतातल्या घराच्या बांधकामाची आणि सामानाची आहे. तुमच्या घरामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं, ती गोष्ट वेगळी. मोटारसायकलच्या विम्यात 'ओन डॅमेज' आणि 'थर्ड पार्टी' असे दोन भाग असतात ना, तसंच. घराच्या थर्ड पार्टीला लायबिलिटी कव्हर म्हणतात. प्रवास विम्यात 'पर्सनल लायबिलिटी' लिहिलेलं असतं म्हणून त्यावरही विसंबू नका. स्वतःच्या मालकीच्या जमीन-इमारतीमुळे आलेली जबाबदारी त्यात सहसा वगळलेली असते.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. घराच्या मागच्या दाराला स्लेटच्या तीन पायऱ्या आहेत. काळपट निळा दगड, माणसांच्या पायांनी मधोमध खोलगट झालेला. पाऊस थांबला तरी त्या खोलग्यात पाणी राहतं आणि कडेनं शेवाळ धरतं. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या श्रावणात होतात तशा. नोव्हेंबरात बहिणीच्या मैत्रिणीचे नातेवाईक, नवरा-बायको, चार दिवस राहायला आले. जाताना कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला त्या बाई मागच्या दारानं निघाल्या आणि दुसऱ्या पायरीवरून पाय सरकला. उजवं मनगट मोडलं. केस कापायचं त्यांचं स्वतःचं काम. दोन महिने हातात कात्री धरता आली नाही, म्हणजे दोन महिने कमाई शून्य.

तीन महिन्यांनी वकिलाचं पत्र आलं. बहीण फोनवर रडली. "राहायला घर दिलं आणि वर दावा?" मलाही त्या दिवशी राग आला होता. पण तिथं याला दुष्मनी समजत नाहीत. आपल्याकडे गाडीनं धडक दिली की जखमी माणूस थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागतो, त्यात जसं काही वावगं नाही, तसंच. त्या बाईंपुढे दुसरा मार्गही नव्हता.

तिथल्या घराचा विमा आम्ही काढला होता. त्या विमा कंपनीनं सुरुवातीलाच विचारलं, पायरी निसरडी आहे हे तुम्हाला माहीत होतं का? बहिणीच्या फोनमध्ये ऑक्टोबरच्या पाहुण्यांचा मेसेज होता, 'मागची पायरी फार घसरते, सांभाळा'. ती बघू-करू म्हणाली आणि राहून गेलं. तिथंच चूक ठरली. मग विचारलं, राहण्याचे पैसे घेतले का? भाडं घेतलं नव्हतं, पण साफसफाईचे म्हणून १५० पौंड घेतले होते, आणि त्याआधीच्या दोन-तीन कुटुंबांकडूनही. पॉलिसीच्या फॉर्मवर मात्र 'पैसे देणारे पाहुणे ठेवता का' यापुढे 'नाही' लिहिलेलं.

इथं तिथला २०१२ चा ग्राहक विमा कायदा लागू होतो. मुद्दाम खोटं सांगितलं असेल तर कंपनी पॉलिसीच रद्द धरू शकते. निष्काळजीपणानं चुकीचं सांगितलं असेल, आणि खरं कळलं असतं तर कंपनीनं फक्त हप्ता जास्त लावला असता, तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. आम्ही २४० पौंड भरत होतो, खरा हप्ता ४०० झाला असता. दावा खर्चासकट १५,००० पौंडांत मिटला. कंपनीनं साठ टक्के, म्हणजे ९,००० दिले. ६,००० आम्ही भावा-बहिणीनं भरले. १६० पौंडांचा फरक, तोही आमच्या एका 'नाही'मुळे. म्हणून फॉर्म जावयाला घाईत मोबाईलवर भरू देऊ नका. स्वतः बसा आणि रिकामं किती दिवस राहणार, कोण-कोण राहणार, पैसे घेणार का, कितीही किरकोळ असोत, हे खरं तसं लिहा.

कायदा कसा चालतो तेही सांगतो. इंग्लंड आणि वेल्सला १९५७ चा ऑक्युपायर्स लायबिलिटी ॲक्ट आहे. आलेला माणूस ज्या कामासाठी आलाय त्यापुरता सुरक्षित राहील इतकी वाजवी काळजी घराचा ताबा असणाऱ्यानं घ्यायची, हे त्याचं सार. मुलं मोठ्यांएवढी जपून वागणार नाहीत हे धरूनच चालायचं, असंही त्यात लिहिलंय. १९८४ च्या कायद्यानं न विचारता आत आलेल्या माणसाबाबतही काही प्रमाणात जबाबदारी येते. आणि ताबा एकाच माणसाचा असतो असं नाही. १९६६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे, एका पबचं प्रकरण गेलं होतं. वरच्या मजल्यावर उतरलेला पाहुणा अंधाऱ्या मागच्या जिन्यावरून पडून मरण पावला. कठडा शेवटच्या पायऱ्यांच्या आधीच संपत होता आणि दिव्याचा बल्ब कुणीतरी काढून नेला होता. मालक कंपनी आणि तिथं राहणारा व्यवस्थापक दोघांकडेही ताबा आहे, असं कोर्टानं ठरवलं. बल्बमुळे त्या वेळी दोष कुणावर आला नाही, पण तत्त्व राहिलं. तुमच्या बाबतीत किल्ल्या मुलीकडे असणार, प्लंबर तीच बोलावणार. म्हणून पॉलिसीत तुम्हा दोघांबरोबर तिचंही नाव घाला.

आता "आपण इथं, ते तिथं, काय करणार?" हे मी कोल्हापुरात बऱ्याच जणांकडून ऐकलंय. तिथलं घर तर कोर्टाच्या हाताशीच असतं, त्यावर बोजा चढतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४अ आहे. ब्रिटन त्यातल्या मान्यताप्राप्त देशांत आहे. मोठ्या दुखापतीचा दावा तिथल्या हायकोर्टात गेला आणि हुकूमनामा झाला, तर त्याची प्रत थेट आपल्या कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात दाखल करून वसुली मागता येते, जणू तो इथलाच हुकूमनामा. कलम १३ मधले अपवाद सोडले तर पुन्हा पहिल्यापासून खटला चालत नाही. संयुक्त अरब अमिरातही २०२० पासून या यादीत आहे, दुबईत फ्लॅट घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

विमा तिथल्याच कंपनीचा घ्यायचा. मालक ब्रिटनबाहेर राहतो म्हटल्यावर पुष्कळ कंपन्या नाही म्हणतात, त्यामुळे हॉलिडे होमचं काम करणारा ब्रोकर गाठा. ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशनकडून असा ब्रोकर मिळतो. त्याचं नाव एफसीएच्या, म्हणजे तिथल्या वित्तीय नियामकाच्या, रजिस्टरवर आहे का ते बघा. लायबिलिटीची रक्कम तिथं साधारण २० लाख किंवा ५० लाख पौंड असते. वीस लाख पौंड म्हणजे वीस कोटी रुपयांच्या वर, आकडा ऐकून दचकू नका. एखाद्या तरुण माणसाच्या मणक्याला मार बसला तर आयुष्यभराची शुश्रूषा आणि बुडालेली कमाई असं सगळं त्यात येतं. मी पन्नासचं घेतलंय.

भाड्यानं द्यायचं असेल तर तसं कव्हर स्पष्ट मागा. एअरबीएनबी दहा लाख डॉलरपर्यंतचं लायबिलिटी कव्हर देतं, पण फक्त त्यांच्यामार्फत झालेल्या बुकिंगला. जावयाचे मित्र येऊन राहिले की ते नाही. गॅसचा बॉयलर असेल तर भाड्याच्या घराला दरवर्षी 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या इंजिनियरकडून तपासणी कायद्यानं लागते, सुट्टीपुरतं भाडं असलं तरी. हा भाग अजिबात टाळू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि भाड्याचा व्यवसाय करून कुणाला पगारावर ठेवलंत तर १९६९ च्या कायद्याप्रमाणे किमान ५० लाख पौंडांचा वेगळा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा लागतो.

घर रिकामं राहण्याची अट जरूर वाचा. ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त बंद असेल तर पाणी बंद करा, थंडीत हीटिंग कमीवर ठेवा, ठरावीक दिवसांनी कुणीतरी बघून या, असं काहीतरी असतं. लागून घरं असतील तर गोठलेला पाइप फुटून शेजाऱ्याची भिंत भिजते, आणि काळजी घेतली नव्हती असं ठरलं की ती तुमची जबाबदारी होते. आमची बहीण आता दर पंधरवड्याला एका शेजाऱ्याला पाठवते, तो तारीख टाकून फोटो पाठवतो. मागच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवलाय, दगडावर खरखरीत पट्ट्या लावल्यात.

हप्ता कुठल्या खात्यातून भरायचा हे घराचे पैसे पाठवताना जी बँक एलआरएसचं (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेचं) बघेल तिला आणि सीएला विचारून घ्या. त्याच बैठकीत रिटर्नमधल्या शेड्यूल एफएचंही विचारा. परदेशातलं घर तिथं दाखवावंच लागतं, नाही दाखवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे.

आणि जुनी पॉलिसी संपली म्हणून कागद टाकू नका. दुखापत ज्या दिवशी झाली त्या दिवशी चालू असलेली पॉलिसी सहसा लागू होते, दावा नंतर आला तरी. तिथं दुखापतीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण लहान मुलाच्या बाबतीत ती तीन वर्षं त्याच्या अठराव्या वाढदिवसापासून मोजतात. या मे महिन्यात तुमच्या घरात पाच वर्षांचं पोरगं पडलं तर दावा सोळा वर्षांनीही येऊ शकतो. आमची पहिल्या वर्षापासूनची सगळी कागदपत्रं राजारामपुरीच्या घरात एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, आणि त्यांचे फोटो बहिणीकडे.