‘विसरण’, ‘विसरणे’ आणि चिंचोळी जागा

मालवणजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, पाण्यातील सूक्ष्म कण कोणी न ढवळता आपोआप इकडेतिकडे जातात, त्या क्रियेला पाठ्यपुस्तक ‘विसरण’ म्हणते. मुलांना त्यावरून धडा विसरणेच आठवते आणि ती हसतात, तेव्हा या दोन शब्दांचे काही नाते आहे का, आणि नसेल तर ‘पसरण’ हा सोपा शब्द का वापरू नये? शिवाय बारीक नळीत किंवा दगडाच्या छिद्रात हीच क्रिया घडते, तेव्हा तिला ‘कोंडलेले विसरण’ म्हणावे का?

नाते नाही. ‘विसरणे’ हे क्रियापद संस्कृत ‘विस्मरति’पासून प्राकृतातील ‘वीसरइ’मार्गे मराठीत आले. त्याचा धातू ‘स्मृ’ म्हणजे आठवणे हा असून वाटेत त्यातला ‘म’ झिजून गेला. ‘विसरण’ हा मात्र तत्सम शब्द आहे आणि त्याचा धातू ‘सृ’, म्हणजे सरणे, सरकणे, हा आहे. या धातूचे गोत मराठीत मोठे आहे. पसरणे त्यातलेच, अनुसरणे त्यातलेच, आणि आपल्या किनाऱ्यावर भरती ओसरते किंवा श्रावणात नदीचा पूर ओसरतो, ते ओसरणेही त्यातलेच. बाईंनी वर्गात ‘ओसरणे’पासून सुरुवात केली, तर मुलांना ‘विसरण’मधला ‘सर’ चटकन ओळखू येईल असे मला वाटते.

‘पसरण’ न घेण्याचे कारण असे, की त्याचे संस्कृत रूप ‘प्रसरण’ भौतिकशास्त्राने आधीच दुसऱ्या कामाला लावलेले आहे. तापवलेल्या लोखंडी पट्टीचे प्रसरण होते, म्हणजे ती पट्टी स्वतःच वाढते. विसरणात कण वाढत नाही, तो जागा बदलतो आणि तीही कोणत्याही एका दिशेने नव्हे, हे ‘वि’ या उपसर्गाने नेमके सांगितले जाते. ‘अभिसरण’ पुन्हा निराळे, कारण तेथे द्रवच वाहतो आणि कणांना आपल्याबरोबर नेतो. खाडीच्या मुखाशी गढूळ पाण्याचा पट्टा समुद्रात दूरवर गेलेला दिसतो, ते विसरण नव्हे, ते प्रवाहाचे आणि भोवऱ्यांचे काम होय.

हा भेद किती मोठा आहे, ते एका पेल्यात पाहता येते. आषाढात जांभ्याच्या मातीने विहिरीचे पाणी तांबूस होते. त्या पाण्याचा पेला भरून अगदी स्थिर ठेवावा आणि त्यातला एक मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा मातीचा कण डोळ्यांसमोर आणावा. पाण्याचे रेणू त्याला सर्व बाजूंनी धडका देत असतात आणि त्या धडका क्षणोक्षणी कमीजास्त होत असल्यामुळे कण थरथरत भटकतो. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ साली परागकणांतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म कणांमध्ये हीच चळवळ पाहिली आणि निर्जीव पदार्थांच्या भुकटीतही ती दिसते, हे तपासून तिचा सजीवपणाशी संबंध नसल्याचे दाखवले. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी तिचे गणित मांडले. कापलेल्या अंतराचा वर्ग सरासरीने काळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो. आपला कण कोणत्याही एका दिशेच्या रेषेवर एका सेकंदात साधारण १ मायक्रोमीटर सरकतो, पण तासाभरात त्याची मजल केवळ ६० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढी होते, आणि एक सेंटीमीटरला तर तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. तोच कण आपल्या वजनाने सेकंदाला सुमारे १ मायक्रोमीटर खालीही उतरत असतो. हे उतरणे एकाच दिशेचे असल्यामुळे तासाला साडेतीन मिलिमीटर भरते आणि म्हणूनच ठेवलेले पाणी निवळते.

आता चिंचोळ्या जागेकडे वळू. कण भिंतीजवळ आला की त्याची भटकंती मंदावते, आणि ती केवळ वाट अडल्यामुळे मंदावत नाही. कणाला हलायचे तर त्याच्या पुढचे पाणी बाजूला व्हावे लागते. भिंतीला लागून असलेले पाणी भिंतीला धरून राहते, म्हणून त्या फटीतले पाणी सहज हटत नाही. कण आणि भिंत यांच्यामध्ये कणाच्या त्रिज्येएवढे अंतर उरले, तर भिंतीला समांतर दिशेतील विसरण मोकळ्या पाण्यातल्याच्या सुमारे ७२ टक्क्यांवर येते आणि भिंतीच्या लंब दिशेतील विसरण निम्म्याहून कमी होते. म्हणजे कण अजून भिंतीला टेकलेलाही नसताना भिंत त्याला जाणवते.

यावरून ‘कोंडलेले विसरण’ मला का पटत नाही, ते सांगता येईल. कोंडलेला असतो कण आणि चिंचोळी असते जागा. ‘कोंडलेले’ हे विशेषण विसरणाला जोडले, की विसरणच थांबले असा अर्थ होतो. कोंडवाड्यातली गुरे बाहेर पडत नाहीत आणि वाहतुकीच्या कोंडीत गाड्या हलत नाहीत, पण हा कण हलतच असतो. ‘बंदिस्त विसरण’ला हाच आक्षेप आहे. ‘सीमित’ तितका चुकीचा नाही, पण त्यातून विसरणाचे प्रमाण ठरवून दिल्यासारखे वाटते. मी ‘चिंचोळ्या जागेतील विसरण’ असे लिहीन. शब्द दोनाऐवजी तीन झाले तरी चालतील. खाडीचे मुख किंवा दोन गडग्यांमधली पाखाडी चिंचोळी म्हणणाऱ्या मुलांना तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

एका प्रकाराला मात्र स्वतंत्र नाव हवे. नळी इतकी बारीक असते की एक कण दुसऱ्याला ओलांडून जाऊ शकत नाही, तेव्हा सगळा नियमच बदलतो. अंतराचा वर्ग काळाच्या नव्हे, तर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, आणि दुप्पट अंतराला चौपटऐवजी सोळापट वेळ लागतो. जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली वर्तुळाकार खोबणींत कलिल कण, म्हणजे द्रवात तरंगत राहणारे सूक्ष्म कण, ठेवून हे प्रत्यक्ष मोजले. यासाठी मी ‘एकसरी विसरण’ सुचवतो. सुरंगीच्या वळेसरात, म्हणजे गजऱ्यात, एक फूल मागच्या फुलाला पुढे जाऊ देत नाही, तशीच या कणांची गत आहे, आणि माळेचा पदर या अर्थाचा ‘सर’ हा शब्द आपल्याकडे अजून गजऱ्यांच्या टोपल्यांजवळ रोज ऐकू येतो.

राहिला मुलांच्या हसण्याचा प्रश्न. ते खरे तर क्रियापदामुळे ओढवते. ‘कण पाण्यात विसरतात’ असे कधीच लिहू नये. ‘कणांचे पाण्यात विसरण होते’ असे लिहावे, म्हणजे गोंधळ उरत नाही. व्युत्पत्तीने हे दोन शब्द परके असले, तरी मोकळ्या पाण्यातला कण आपण क्षणापूर्वी कोणत्या दिशेने चाललो होतो हे जवळजवळ लगेच विसरतो, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. एकसरी रांगेतल्या कणाला तसे विसरता येत नाही. तो थोडा पुढे गेला की पुढचे शेजारी त्याला मागे रेटतात आणि बराच वेळ तो आपल्या मूळ जागेच्या आसपासच घोटाळत राहतो.